तांबं ठाऊक होतं, अडलं वायूपाशी

मिथेनॉलला ‘वुड अल्कोहोल’ म्हणत, कारण ते खरोखरच लाकडातून निघे. बंद भट्टीत लाकूड तापवायचं आणि निघणारी वाफ थंड करायची, एवढीच कृती. 1923 मध्ये जर्मनीतल्या बीएएसएफ या रसायन कंपनीने लॉयना इथल्या कारखान्यात लाकूड बाजूला सारलं आणि कोळशापासूनच्या संश्लेषण वायूतून, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनच्या मिश्रणातून, मिथेनॉल काढायला सुरुवात केली. या कामामागे होते कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ माथियास पियर.

त्यांचा उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न संपता अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ, जस्त आणि क्रोमियमच्या ऑक्साइडचा. दणकट, पण सुस्त. त्याला जागं करायला 300 ते 400 अंश सेल्सियस तापमान लागे. ही अभिक्रिया उष्णता बाहेर टाकणारी, त्यामुळे तापमान चढलं की मिथेनॉलचं प्रमाण घटतं. मग भरपाई दाबाने करायची: 250 ते 350 वातावरण, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या तितके पट. त्यात आणखी एक कटकट. दाबाखालचा कार्बन मोनॉक्साइड पोलादातलं लोखंड उचलून आयर्न कार्बोनिल हे वायूबरोबर वाहून जाणारं संयुग बनवतो. ते उत्प्रेरकावर फुटलं की तिथे लोखंड साचतं आणि मिथेनॉलऐवजी मिथेन होऊ लागतो. म्हणून पोलादी नळ्यांना आतून तांब्याचं अस्तर.

तांबं अस्तराऐवजी उत्प्रेरकात घातलं तर कमी तापमानातही काम होतं, हे 1920च्या दशकातच माहीत होतं. पण कोळशाच्या वायूतलं गंधक तांब्याला चिकटलं की ते निकामी. उत्तम उत्प्रेरक हाती असून उपयोग नाही! माझ्या मते या इतिहासातली खरी गोष्ट उत्प्रेरकाच्या शोधाची नाहीच, ती वायू धुण्याची आहे.

ती अडचण 1966 मध्ये सुटली. इंग्लंडमध्ये बिलिंगहॅमला आयसीआय या रसायन कंपनीने नाफ्थ्यातलं, म्हणजे खनिज तेलापासूनच्या हलक्या द्रवातलं, गंधक आधीच काढलं आणि मग वाफेबरोबर त्याचा वायू केला. गंधक धरून ठेवायला होतं जस्त ऑक्साइड. लॉयनात उत्प्रेरकातला कारागीर असलेलं जस्त ऑक्साइड इथे दारावर पहारेकरी. पुढे तांबं, जस्त ऑक्साइड आणि अ‍ॅल्युमिनाच्या (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या) उत्प्रेरक म्हणून काळसर गोळ्या. 220 ते 270 अंश आणि 50 ते 100 वातावरण एवढ्यावर काम होऊ लागलं. या गोळ्या भट्टीत भरल्यावर पातळ केलेल्या हायड्रोजनने हळूहळू ‘क्षपित’ कराव्या लागतात, म्हणजे तांब्याच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून तांबं मोकळं करावं लागतं. घाई केली तर त्या तापून बिघडतात.

मिथेनॉलमधला कार्बन येतो कुठून? मोनॉक्साइडमधून, असंच बराच काळ धरून चाललेलं. 1980च्या दशकात आयसीआयच्या संशोधकांनी खुणेचा, म्हणजे माग काढता येणारा, कार्बन वापरून दाखवलं की तो मुख्यतः वायूत थोड्या प्रमाणात असलेल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो. मोनॉक्साइडचं काम जास्त करून पाण्याशी अभिक्रिया करून तो डायऑक्साइड पुरवत राहण्याचं.

इथेनॉल आणि त्यापुढची अल्कोहोलं मात्र अवघड. तिथे कार्बनला कार्बन जोडायचा, आणि साधं तांबं मिथेनॉलशीच थांबतं. ऱ्होडियम ही जोडणी करतो, पण तो फार महाग. 1980च्या दशकात डाऊ आणि युनियन कार्बाइड या कंपन्यांनी अल्कली (पोटॅशियमसारख्या धातूंची संयुगं) मिसळलेलं मॉलिब्डेनम सल्फाइड पुढे आणलं. त्याला गंधकाचं वावडं नाही. उलट सल्फाइड टिकवायला वायूत थोडं गंधक लागतं.