रससूत्र

भरताच्या नाट्यशास्त्रातील सहाव्या अध्यायातील ‘विभावानुभावव्यभिचारिसंयोगाद् रसनिष्पत्तिः’ हे वाक्य: विभाव (भावाची कारणे), अनुभाव (भावाची बाहेर दिसणारी चिन्हे) व व्यभिचारी (येऊन जाणारे सहायक भाव) यांच्या संयोगाने रस, म्हणजे नाट्यातील भावाचा आस्वाद, निष्पन्न होतो. ग्रंथाचा काळ सामान्यतः इ. स. पू. दुसरे ते इ. स. दुसरे शतक यांदरम्यान मानतात; उपलब्ध पाठ एकाच काळातील नसावा. आठ स्थायी (मूळ, टिकून राहणारे), आठ सात्त्विक (अश्रू, रोमांच यांसारखे आपोआप उमटणारे) व ३३ व्यभिचारी असे एकूण ४९ भाव आणि आठ रस त्यात येतात. नवव्या शांत रसाचा भाग काही हस्तलिखितांतच आढळतो. तो प्रक्षिप्त (मागाहून घातलेला) मानणे सयुक्तिक ठरते.

करुण रसात इष्टजनवियोग, वध, बंधन हे विभाव. अश्रू, विलाप, मुखशोष, विवर्णता हे अनुभाव. निर्वेद, ग्लानी, चिंता हे व्यभिचारी. स्थायी शोक. मात्र सूत्रात स्थायीचा उल्लेख नाही. संयोग कशाचा आणि रस कोणाच्या ठिकाणी, हा वाद तेथूनच निघाला.

सूत्राचा एक टीकाकार भट्ट लोल्लट याच्या मते विभावादींनी पुष्ट झालेला स्थायी म्हणजेच रस. तो मुख्यतः रामादी अनुकार्यात, म्हणजे नट ज्यांचे अनुकरण करतो त्या मूळ व्यक्तींत, असतो. यावर शंकुक या टीकाकाराचा आक्षेप मार्मिक आहे: शोक आरंभी तीव्र असतो आणि काळाबरोबर ओसरतो, मग तो पुष्ट होतो कसा? त्याच्या मते नट रामादींच्या स्थायीचे अनुकरण करतो आणि प्रेक्षक नटाच्या ठिकाणी त्या स्थायीचे अनुमान करतो; चित्रातील घोड्याला आपण घोडा म्हणतो, तशी ही प्रतीती. यावर भट्ट तौताने विचारले, की रामाचा शोक कोणी पाहिलेला नसताना त्याचे अनुकरण झाले हे ठरवायचे कसे? भट्ट नायकाने साधारणीकरण (भाव कोणा एकाचा न राहता सर्वसामान्य होणे) मांडले, पण त्यासाठी भावकत्व (साधारणीकरण घडविणारा) व भोजकत्व (आस्वाद घडविणारा) असे दोन वेगळे व्यापार कल्पिले. अभिनवगुप्ताने (सु. १००० च्या आसपास) साधारणीकरण स्वीकारले आणि हे व्यापार अनावश्यक ठरविले: प्रेक्षकातील वासनारूप (संस्काररूपाने सुप्त असलेला) स्थायीच अभिव्यक्त होतो. हे मत अधिक ग्राह्य वाटते. तथापि लोल्लट, शंकुक व नायक यांचे ग्रंथ लुप्त असून त्यांची मते मुख्यतः त्यांचे खंडन करणाऱ्यांकडूनच कळतात.

अभिनवभारती या अभिनवगुप्ताच्या नाट्यशास्त्रावरील टीकेतील सात रसविघ्ने (रसास्वादातील अडथळे) पाठ्यपुस्तकांत बहुधा गाळली जातात. प्रयोगाच्या दृष्टीने मात्र तीच उपयुक्त. कथा असंभाव्य वाटली तर मन तेथे ठरतच नाही, म्हणून असामान्य कृत्यांसाठी प्रख्यात नायक घ्यावा. सुखदुःख ‘माझे’ किंवा ‘त्या नटाचे’ वाटले तर आस्वाद तुटतो. पूर्वरंग (नाटकापूर्वीचे विधी), प्रस्तावना, मुकुट व वेशभूषा नटाचे नटपण झाकतात. प्रेक्षक स्वतःच्या सुखदुःखात गुंतला असल्यास गीत, वाद्य व सजविलेला मंडप त्याला बाहेर काढतात. प्रतीतीची साधने अपुरी असणे आणि प्रतीती अस्पष्ट असणे यांवर अभिनय, लोकधर्मी (लोकव्यवहाराला धरून केलेला प्रयोग), वृत्ती (प्रयोगाच्या शैली) व प्रवृत्ती (प्रांतोप्रांतीचे वेश, भाषा व आचार) हे उपाय. गौण भावावर लक्ष रेंगाळू नये, यासाठी स्थायीचे प्राधान्य राखावे लागते. सातवे विघ्न संशय: अश्रू आनंदानेही येतात, नेत्ररोगानेही. एकटा अनुभाव अनिश्चित राहतो. बंधुनाश हा विभाव, अश्रू हा अनुभाव आणि चिंता, दैन्य हे व्यभिचारी एकत्र आले की शोकच ठरतो. सूत्रातील ‘संयोग’ यासाठी.

रसाचे नुसते नाव घेऊन तो साधत नाही. मम्मटाने काव्यप्रकाशाच्या सातव्या उल्लासात स्वशब्दवाच्यता (रस वा भाव त्याच्या नावानेच सांगणे) हा रसदोष गणला आहे. सतराव्या शतकात जगन्नाथाने रसगंगाधरात सूत्राच्या अनेक व्याख्या नोंदविल्या. अभिनवभारतीचा पाठ जागोजागी भ्रष्ट असून सातव्या, म्हणजे भावांच्या, अध्यायावरील टीकेचा बहुतांश भाग उपलब्ध नाही.