एकपेशीय व बहुपेशीय सजीव

ज्याचे सगळे शरीर म्हणजे एकच पेशी, तो एकपेशीय सजीव. ज्याचे शरीर अनेक पेशींचे बनलेले असते, तो बहुपेशीय. जीवाणू, अमीबा, पॅरामेशियम, यीस्ट हे पहिल्या प्रकारात मोडतात. प्राणी, वनस्पती आणि बहुतेक बुरशी दुसऱ्या. शाळेतला धडा बहुधा पेशींच्या संख्येपाशी थांबतो. महत्त्वाचा भेद मात्र पेशी एकमेकींवर किती अवलंबून असतात, यात आहे.

गोड्या पाण्यातला अमीबा छद्मपादांनी (पेशीच्या तात्पुरत्या फुगवट्यांनी) सरकतो, भक्ष्याला वेढून आत घेतो, अन्नरिक्तिकेत (अन्नाभोवती बनलेल्या पोकळीत) पचवतो, जादा पाणी संकोची रिक्तिकेतून (आकुंचन पावणाऱ्या पोकळीतून) बाहेर टाकतो आणि द्विविभाजनाने, म्हणजे स्वतःचे दोन भाग करून, प्रजननही उरकतो. हे सारे एका पेशीत चालते, म्हणून अशा सजीवांना ‘साधे’ म्हणणे तितकेसे खरे नाही. आपल्या शरीरातल्या कोणत्याही एका पेशीला इतकी कामे करावी लागत नाहीत.

बहुपेशीय शरीरात जवळजवळ सर्व पेशींना एकच जनुकसंच मिळतो, पण प्रत्येक प्रकारच्या पेशीत त्यातली वेगवेगळी जनुके कार्यरत असतात. त्यातून ऊती आणि इंद्रिये घडतात. माणसाच्या परिपक्व तांबड्या रक्तपेशीत तर केंद्रकही उरत नाही. प्राणवायू वाहून नेण्यापलीकडे तिच्याकडे फारसे काम नसते आणि सुमारे 120 दिवसांत ती संपते. पुढची पिढी घडवण्याचे काम प्रजननपेशींकडे असते. इतर पेशी शरीराच्या गरजेपुरत्याच विभागतात. हे बंधन झुगारून पेशी विभागत राहिल्या की कर्करोग होतो. जीवाणूच्या बाबतीत मात्र अन्न मिळेल तोवर विभागत राहणे ही नेहमीची जीवनरीत आहे.

आकारावरून दोन्ही ओळखता येतीलच असे नाही. पेशी वाढते तसे तिचे घनफळ पृष्ठफळापेक्षा वेगाने वाढते आणि आतपर्यंत अन्न-प्राणवायू पोहोचणे अवघड होते, म्हणून बहुतेक पेशी सूक्ष्मच राहतात. तरी कॉलेर्पा हे सागरी शैवाल एकाच पेशीचे, अनेक केंद्रकांचे असूनही मीटरभराहून लांब पसरू शकते. उलट, सुमारे हजार पेशींचे कित्येक रोटिफर (पाण्यातले सूक्ष्म प्राणी) स्टेंटॉर या एकपेशीय सजीवाहून लहान असतात.

एकपेशीय आणि बहुपेशीय यांच्या सीमेवरचे जीव अधिक रंजक आहेत. व्हॉल्व्हॉक्स या हिरव्या शैवालाच्या पोकळ गोलात बाहेरच्या पेशी कशाभिका (चाबकासारखे धागे) हलवतात, तर मोजक्या मोठ्या पेशी प्रजनन करतात. मातीत राहणाऱ्या डिक्टिओस्टेलियमचे अमीबासदृश जीव एरवी सुटे राहतात; खायला जीवाणू मिळेनासे झाले की हजारोंनी एकत्र येतात. त्यांतले सुमारे एक पंचमांश देठ बनून मरतात, बाकीचे बीजाणू (नव्या जीवाला जन्म देणाऱ्या टिकाऊ पेशी) होतात.

बहुपेशीयता एकदाच अवतरलेली नाही. प्राणी, वनस्पती, बुरशी, तांबडी व तपकिरी शैवाले यांच्यात ती स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात द्रवाच्या तळाशी लवकर बसणारे यीस्ट रोज निवडत गेल्यावर, विभाजनानंतरही एकमेकींना चिकटून राहणाऱ्या पेशींचे पुंजके 60 दिवसांच्या आत तयार झाले.