बाटलीवरचं साल बदललं की वाईन का बदलते?

नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात आमचे एक जुने गिऱ्हाईक, तासगाव साइडचे बागायतदार, दुकानात आले आणि काउंटरवर बाटली आपटलीच म्हणा ना. "दिवाळीला नेली ती कशी लोण्यासारखी होती, ही लिंबू पिळल्यागत लागतेय, माल बदलला काय तुम्ही?" लेबल तेच, कंपनी तीच, द्राक्ष तेच शार्डोने, पांढऱ्या वाईनचं, वाईन कॅलिफोर्नियातल्या सोनोमा कोस्टची. आम्ही फक्त बोट ठेवून दाखवलं, दिवाळीच्या बाटलीवर २०२२ होतं आणि हिच्यावर २०२३. तर म्हणाले, "मग ही उलट ताजी की!" तेव्हा ठरवलं की हे एकदा सगळ्यांसाठी लिहूनच काढायचं, म्हणून हा कागद. सांगलीकरांना हे समजावणं खरं तर सोपंय, कारण द्राक्षाचं साल कसं फिरतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

तर पहिलं म्हणजे ते साल एक्सपायरीचं नाही आणि पॅकिंगचं पण नाही. त्या साली द्राक्षं तोडली, एवढाच त्याचा अर्थ. अमेरिकेत नियम असा आहे की लेबलवर साल आणि सोनोमा कोस्टसारख्या मान्यताप्राप्त भागाचं नाव दोन्ही असेल तर आतली कमीत कमी ९५ टक्के वाईन त्याच सालच्या द्राक्षाची पाहिजे. म्हणजे अवघड सालात आधीच्या सालचा चांगला माल ओतून चव सारखी करायची सोय जवळपास नाहीच. बिअर, व्हिस्कीत कंपनी दरवर्षी तीच चव काढून देते, तिथं ते जमतं, इथं हवामान आहे तसं बाटलीत उतरतं. आपल्याकडं २०१९ ला आधी ऑगस्टात महापूर आणि मग ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी झाला, आगाप, म्हणजे लवकर, छाटणीवाल्यांचे किती हाल झाले आठवतंय ना, त्या सालच्या मालाला कुणी आदल्या वर्षीसारखा म्हणेल का?

आता समुद्रकाठ म्हटलं की आपल्या डोक्यात कोकण येतं, घाम, फणस आणि चिकचिक. कॅलिफोर्नियाचा समुद्रकाठ त्याच्या एकदम उलटा. तिथला पॅसिफिक थंड, भर उन्हाळ्यात पण काठाला पाणी १२-१३ अंशाच्या आसपास, कारण वायव्येचं वारं वरचं पाणी बाहेर ढकलतं आणि खालचं गार पाणी वर येतं. त्या गार पाण्यावर हवा आली की धुकं धरतं. इकडं आत सेंट्रल व्हॅलीत ऊन तापून हवा वर चढली की ती जागा भरायला समुद्राची गार हवा धुक्यासकट डोंगराच्या खिंडीतून आत खेचली जाते. पेटालुमा गॅप म्हणून एक खिंड आहे, तिथलं वारं इतकं नेमाचं की २०१७ ला त्या भागाला वाईनसाठी वेगळी ओळखच मिळाली. रात्री धुकं येतं, सकाळी दहा-अकराला विरतं, दुपारी २५-२८ अंश आणि रात्री परत ११-१२. महाबळेश्वरच्या सकाळीसारखं समजा, फक्त पाऊस नाही. उन्हाळाभर पाऊस नाहीच! त्यामुळं आपली डोकेदुखी जी दावण्या, ओलाव्यानं येणारा बुरशीचा रोग, ती तिथं जवळपास दिसतच नाही. भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, मात्र भरपूर आणि गंधकाची धुरळणी त्यांना पण सुटलेली नाही. हे ऐकून आमचे मेहुणे, त्यांची मणेराजुरीला बाग आहे, म्हणाले की दावण्या नसती तर आम्ही पण दरवर्षी अशीच वाईन केली असती. असो.

गार रात्रीचा फायदा काय, तर मण्यात साखर चढते पण आंबटपणा टिकतो. शार्डोनेची तोड साधारण २२ ते २४ ब्रिक्सला (रसातली साखर मोजायचं माप) होते, म्हणजे बेदाण्याला आपण थांबतो तेवढीच साखर, पण आपल्याकडं मार्चच्या उन्हात त्या साखरेपर्यंत पोचेस्तोवर आंबटपणा उतरलेला असतो. द्राक्षातलं मॅलिक आम्ल, हिरव्या सफरचंदात असतं तेच, ते उष्णतेनं वेल स्वतःच जाळत जातो. जितका गारठा तितकं ते शिल्लक. वाईन तरतरीत लागते ती त्याच्यावर. शार्डोनेची काडी मात्र डोळे लवकर फोडणारी, तिकडं मार्चमध्येच, म्हणून उशिराची थंडी आली की कोवळे कोंब जळतात. आणि फुलोऱ्याला, म्हणजे मे महिन्यात, गारठा किंवा पाऊस झाला की सेटिंग, म्हणजे मणी धरणं, बिघडतं, घडात निम्मे मणी मोठे आणि निम्मे शॉट बेरी, म्हणजे बारीकच राहिलेले. २०१५ ला तसंच झालं, उतारा कमी पडला. आपण असा घड एक्सपोर्टमधून काढून टाकतो, तिकडं काही वाईनवाले मुद्दाम असली जात लावतात, कारण बारीक मण्यात रसाच्या मानानं मण्याची साल जास्त आणि चव घट्ट. आपल्या नजरेनं बघितलं तर वेडेपणाच!

बरं मग एवढा समुद्र राखणीला असताना सालं वेगळी कशी पडतात? समुद्र फटका मऊ करतो, टाळत नाही. २०११ घ्या, अख्खा उन्हाळा गारठ्यातच गेला आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला तोडणीच्या तोंडावर पाऊस, शार्डोनेचे घड घट्ट आणि मण्याची साल पातळ, त्यात बोट्रायटिस बुरशीची कूज शिरली, ज्यांनी मजूर लावून घड निवडले ते वाचले. २०१७ ला एकदम उलटं, १ सप्टेंबरला सॅन फ्रान्सिस्को शहरात पारा ४१ ला गेला, अगदी समुद्राला चिकटलेलं शहर आहे ते, आणि पुढं ८ ऑक्टोबरच्या रात्री सोनोमा-नापात वणवे लागले, पण पांढरा माल तोवर बहुतेक आत आला होता. २०२० ला ऑगस्टातच विजा पडून आगी लागल्या, आणि धुराचा वास द्राक्षाच्या सालीत बसतो. पांढऱ्या वाईनीला थोडं बरं, कारण रस लगेच पिळून सालीपासून वेगळा करतात, लाल वाईन सालीसकटच आंबवावी लागते म्हणून त्या साली कितीतरी जणांनी लाल केलीच नाही.

आता आमच्याकडं जी तीन सालं आहेत त्यांचं सांगतो. २०२१ दुष्काळी साल, मणी बारीक, उतारा कमी, पण उन्हाळा सौम्य गेला. ही वाईन दाट लागते, आंबटपणा आहे पण टोचत नाही. आमच्या मते तिन्हीत हीच सरस, भाव पण तसाच आहे, काय करणार.

२०२२ म्हणजे दिवाळीवाली बाटली. साल बरं चाललं होतं आणि ऑगस्टच्या शेवटाला जी उष्णतेची लाट बसली ती सप्टेंबरचा पहिला आठवडा संपला तरी हलेना, ६ सप्टेंबरला आतल्या सॅक्रामेंटो शहरात पारा ४६ च्या वर, तिथला आजवरचा उच्चांक. काठाला एवढं नव्हतं, पण धुकंच आलं नाही तर राखणदारच गायब. उघड्या घडांना उकड्या, म्हणजे उन्हाचा चटका, साखर दोन दिवसात वर आणि आंबटपणा खाली. ज्यांनी लाटेच्या आधी रात्री दिवे लावून तोड उरकली त्यांची २०२२ वेगळी आणि जे थांबले त्यांची वेगळी, म्हणजे एकाच सालात दोन सालं. आमच्याकडची बाटली चवीवरून थांबलेल्यांची वाटते, लेबलवर अल्कोहोल १४.२ टक्के आहे, साखर जास्त तितकं अल्कोहोल जास्त. हा आकडा बघायची सवय लावून घ्या, गरम साल बहुतेक वेळा तिथंच पकडलं जातं.

आणि २०२३ च्या आधीचा हिवाळा पावसाचा, डिसेंबरपासून मार्चपर्यंत वादळामागून वादळं, धरणं भरली, जमीन गच्च ओली आणि गार, डोळे उशिरा फुटले, फुलोरा उशिरा, मण्यात पाणी उतरायलाच, म्हणजे मणी मऊ पडून पिकायला लागायलाच, ऑगस्ट उजाडला, उन्हाळा पण गारच. जी तोड सप्टेंबरच्या सुरुवातीला व्हायची ती दोन-चार आठवडे मागं सरकली. घड वेलीवर जास्त दिवस राहिला, तरी साखर हळू चढली आणि आंबटपणा जाग्यावर. या बाटलीवर अल्कोहोल १२.९ टक्के आहे. म्हणून ती लिंबू पिळल्यागत लागते, माल बदललेला नाही काका!

हवामानानंतर उरतं ते तळघरातलं, तिथं वाईनवाल्याचा हात दिसतो. रस पिळून फरमेंटेशन झालं की बरेच जण दुसरं एक फरमेंटेशन होऊ देतात, त्यात बॅक्टेरिया त्या सफरचंदी मॅलिक आम्लाचं दह्यातल्या लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात. आंबटपणा मऊ होतो आणि वर डायअसिटिल नावाचं जे तयार होतं त्यालाच लोण्याचा वास, ताज्या लोण्याला जो वास असतो त्यात पण तेच असतं. गार सालात हे पूर्ण होऊ देतात नाहीतर पिताना डोळे मिटतील, गरम सालात काही पिंपांमध्ये थांबवून ठेवतात म्हणजे जरा तरी धार राहते, शिवाय तिथं टार्टारिक आम्ल घालायला परवानगी आहे. मग २०२२ मध्ये लोणी जास्त का? आंबटपणाच कमी होता, म्हणून लोण्याला दाबायला समोर कुणी नव्हतं. मिसळीवर लिंबू पिळलं नाही तर कसा कट एकटाच जाणवतो, तसंच. २०२३ ला पण दुसरं फरमेंटेशन झालंय, लोणी आहेच, फक्त मागं आहे, बाटली उघडून अर्धा तास ठेवा, सापडेल. पिंपं साधारण २२८ लिटरची, फ्रेंच ओकची. नवं पिंप व्हॅनिला आणि भाजल्याचा वास देतं, जुनं जवळपास काही देत नाही, आणि खालचा यीस्टचा गाळ अधूनमधून ढवळला की अंगाला साय धरल्यासारखी येते.

सोनोमा कोस्ट नावाखाली फार मोठा मुलूख येतो हेही लक्षात ठेवा. १९८७ ला हद्द आखली तेव्हा ती इतकी पसरट आखली की २०२२ ला अगदी काठाचा पट्टा वेस्ट सोनोमा कोस्ट म्हणून वेगळा करावा लागला. त्यातला फोर्ट रॉस-सीव्ह्यूचा भाग समुद्राला खेटून आहे पण डोंगरावर, धुक्याच्या वर, तिथं ऊन जास्त. म्हणजे नुसतं समुद्रकाठ वाचून बाटली उचलू नका, आम्हाला विचारा.

बाकी किरकोळ. शार्डोने १० ते १२ अंशाला प्यायची, फ्रिजमधनं काढून वीस मिनिटं बाहेर ठेवा, एकदम गार प्यायली तर तिन्ही सालं सारखीच लागतील. तांबड्या रश्श्याबरोबर कुठलीच उघडू नका, पैसे वाया. पांढऱ्या रश्श्याबरोबर २०२२ मस्त, तळलेल्या सुरमईबरोबर २०२३, आणि खरं सांगायचं तर २०२३ भडंगाबरोबर पण चालते. बुचाला किंवा तळाला काचेच्या चुऱ्यासारखं दिसलं तर घाबरून परत आणू नका, ते टार्टारिकचे खडे, गारठ्यात बसतात, खाल्ले तरी काही होत नाही. बाटली माळ्यावर, गॅसशेजारी किंवा एप्रिल-मे मध्ये गाडीच्या डिकीत ठेवू नका, मिरजेहून इथवर येईस्तोवर पण बुच वर आलेलं आम्ही बघितलंय, तसली बाटली बदलून मिळणार नाही.

ते काका २०२३ घेऊन गेले ते परत आले नाहीत, पण त्यांच्या मुलानं येऊन अजून दोन नेल्या. २०२१ च्या आता चारच उरल्यात आणि त्यातली एक मेहुण्यांनी बाजूला ठेवायला सांगितलीय.