छोट्या कथेत पात्राला जागा नसते?

‘कथा लहान असेल तर पात्र रंगवत बसू नका, घटना पळवा आणि शेवटी धक्का द्या.’ लिहिणाऱ्यांच्या ग्रुपवर हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो. त्यात तथ्य एवढंच, की लांबलचक पूर्वेतिहासाला लहान कथेत खरंच जागा नसते. पण पूर्वेतिहास म्हणजे पात्र नव्हे.

कोल्हापूरजवळचं एखादं गुऱ्हाळ घ्या. काहिलीत रस उकळतोय. मालक म्हणतो, ‘पावडर टाक गा, पिवळ्याधमक गुळालाच भाव हाय.’ गूळ शिजवणारा गुळव्या रंग उजळवणाऱ्या त्या रसायनाचा डबा उचलतो, पण स्वतःच्या घरची काकवी आधी वेगळी काढून ठेवतो. घटना पुढे सरकली आणि माणूसही कळला, एकाच वाक्यात. त्याचं वय, गाव, मिशा काही सांगावं लागलं नाही.

पडताळा घरबसल्या घेता येतो. आवडती कथा काढा आणि मुख्य माणसाच्या जागी अगदी उलट्या स्वभावाचा माणूस बसवून बघा. घटना तशाच घडत राहिल्या, तर कथा निव्वळ कथानकावर उभी आहे (रहस्यकथेला ते बरेचदा चालतं). घटना अडल्या, तर पात्रच कथानक ओढत होतं. आणि धक्क्याचं म्हणाल, तर शेवट माहीत असताना तीच कथा पुन्हा वाचून बघा.