पडद्यावरचं चित्र हलतं कशामुळे?

"डोळ्यात प्रत्येक चित्र 1/16 सेकंद टिकतं, म्हणून सिनेमातली स्थिर चित्रं एकमेकांना जोडली जाऊन हलताना दिसतात." विज्ञानाच्या तासापासून फॉरवर्डपर्यंत हे वाक्य फिरतंय. त्यातलं दृष्टिसातत्य, म्हणजे प्रतिमा डोळ्यात क्षणभर रेंगाळणं, खरं आहे. वेळेचा आकडा मात्र उजेडानुसार बदलतो. अडचण पुढच्या 'म्हणून'मध्ये आहे.

दिवाळीत फुलबाजी जोरात गोल फिरवली की उजेडाचं कडं दिसतं. हे दृष्टिसातत्यच. पण नीट पाहिलं तर त्या कड्यात ठिणगीचा प्रवास दिसेनासा होतो, उरतं ते जागेवरचं वर्तुळ. प्रतिमा रेंगाळली की ती पुढचीवर चढते आणि हालचाल उलट पुसट होते. सिनेमा असाच चालत असता, तर धावत्या घोड्याला डझनभर पाय दिसले असते!

हालचाल जोडतो तो मेंदू. थोडाथोडा फरक असलेली चित्रं लागोपाठ आली की तो ती एकाच वस्तूची मानतो. यावर 1912 सालीच प्रयोग प्रसिद्ध झाले आहेत.

प्रतिमा टिकण्याचा संबंध येतो तो लुकलुक न जाणवण्याशी. रिळाच्या प्रोजेक्टरमध्ये सेकंदाला 24 चित्रं असली, तरी शटर, म्हणजे उजेड अडवणारी-सोडणारी फिरती झडप, प्रत्येक चित्र किमान दोनदा झळकवतं ते त्यासाठीच.

पडताळा गणपतीच्या मांडवातही घेता येईल. रोषणाईच्या माळेत उजेड पळताना दिसतो, पण एकही दिवा जागचा हलत नाही. माळेचा वेग थोडा कमी करून बघा, उजेड तरीही पळतोच.