लीफ्सची कॉन्ट्रॅक्ट्स आणि फॅन्सचे प्रश्न: मागे नेमकं काय झालं

मे 2025 मध्ये टोरोंटो मेपल लीफ्सची (एनएचएल या आइस हॉकी लीगमधली टीम) प्लेऑफमधली फ्लोरिडाविरुद्धची सातवी, निर्णायक मॅच घरच्याच रिंकवर 6-1 ने गेली, फॅन्सनी जर्सी काढून बर्फावर फेकल्या, आणि त्यानंतर दीडेक महिन्यात 16 नंबर (मिच मार्नर) वेगासच्या टीमला गेला. लांबून बघणाऱ्याला वाटतं की हरल्याचा राग एका प्लेयरवर निघाला. पण मिसिसागा-ब्रॅम्प्टनकडच्या मराठी घरांत जी पोरं ही टीम बघतच मोठी झालीत त्यांच्याशी बोलायला बसलात तर ती 2025 चं नाव नंतर काढतात, आधी 2018-19 बद्दल बोलतात, आणि माझ्या मते बरोबरच करतात.

त्याच्याही मागचं थोडक्यात. शेवटचा कप (स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद) 1967 चा. पुढे कॅप (एका टीमने प्लेयर्सच्या पगारावर किती खर्च करायचा याची मर्यादा) नव्हती तोपर्यंत टोरोंटोसारख्या श्रीमंत टीमला चुकीचं कॉन्ट्रॅक्ट फारसं बोचायचं नाही, एक फसला तर दुसरा आणा, पैसा होताच. 2004-05 चा अख्खा सीझन मालक आणि प्लेयर्सच्या भांडणात बुडाला आणि 39 मिलियनची कॅप आली, तिथून हे बदललं. आता एकाला जास्त दिलेला प्रत्येक डॉलर दुसऱ्या कुणाच्या तरी खिशातून येणार होता. म्हणून मग साध्या फॅनलाही कॅप हिट (एका प्लेयरमागे कॅपमधून वर्षाला जाणारी रक्कम) पाठ व्हायला लागले. 2010 च्या डिसेंबरमध्ये बर्फावर वॉफल फेकले गेले ते खेळावरच्या वैतागातून, पण 2013 च्या समरमध्ये एका विंगरला 7 वर्षांचे 36.75 मिलियन दिले आणि दोन सीझन पूर्ण व्हायच्या आत त्याच्या बदल्यात दुसऱ्या टीमचा, खेळूच न शकणारा जखमी प्लेयर घ्यावा लागला, तेव्हापासून लोक स्कोअरच्या आधी टर्म (कॉन्ट्रॅक्ट किती वर्षांचं) बघायला लागले.

आता 1 जुलै 2018. 91 नंबर (जॉन टॅव्हारेस) आला, 7 वर्षं, 77 मिलियन, म्हणजे वर्षाला 11. घरचा मुलगा, लहानपणी लीफ्सच्या चादरीवर झोपलेला फोटो सगळ्यांनी पाहिला, त्या दिवशी तक्रार करणारे फारच थोडे होते. पण त्याच वर्षी तीन तरुण प्लेयर्सची कॉन्ट्रॅक्ट्स व्हायची होती, आणि 25 वर्षांच्या आतल्या त्या पोरांच्या एजंट्ससमोर आता 11 हा आकडा पडलेला होता. या सगळ्यांना ठेवता येईल का असं विचारल्यावर तेव्हाचा जीएम (टीम बांधणारा जनरल मॅनेजर) म्हणाला, येईल आणि आम्ही ठेवणारच. झालं असं की एकाने (विल्यम नायलँडर) डिसेंबरच्या डेडलाइनला काही मिनिटं उरलेली असताना सही केली, 6 वर्षं, साधारण 6.96. फेब्रुवारी 2019 मध्ये 34 नंबरने (ऑस्टन मॅथ्यूज) 11.64 वर केली, तीही फक्त 5 वर्षांची. आणि 16 नंबरने सप्टेंबर 2019 मध्ये, ट्रेनिंग कॅम्प सुरू होताना, 6 वर्षं, वर्षाला जवळपास 10.9. चौघांची बेरीज साधारण 40.5, कॅप 81.5. निम्मी कॅप चार फॉरवर्ड्समध्ये.

पहिला प्रश्न तेव्हाच उठला होता, तो म्हणजे टर्मचा. इतके पैसे देताय तर 8 वर्षं का नाही घेतली? जास्त रक्कम आणि कमी वर्षं, दोन्ही बाजूंनी प्लेयरचाच फायदा. आणि बोनस वेगळाच. 91 नंबरच्या 77 पैकी जवळपास 71 मिलियन साइनिंग बोनस होता, बाकीच्यांचंही तसंच, म्हणजे पैसा 1 जुलैला एकगठ्ठा हातात. श्रीमंत क्लबला हे जमतं, पण त्याच्या बदल्यात कॅप हिट कमी करून घ्यायला हवा होता ना, तो कुठे कमी झाला, याचं उत्तर मॅनेजमेंटने कधी नीट दिलंच नाही. किंमत मात्र लगेच मोजली. 2019 च्या जूनमध्ये एका म्हाताऱ्या विंगरचं 6.25 मिलियनचं शेवटचं वर्ष अंगावरून उतरवायला फर्स्ट राउंड पिक (ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत नवा प्लेयर निवडायचा हक्क) कॅरोलायनाला द्यावा लागला. 1 जुलैला 43 नंबर (नाझेम काद्री) कोलोराडोला गेला, स्वस्तातला आणि दोन्ही बाजूंनी खेळणारा सेंटर, आणि 2022 मध्ये तो तिकडे कप उचलत होता.

मग कोविड आला, कॅप तीन सीझन 81.5 वरच अडकली. मॅनेजमेंटची बाजू इथे मांडायलाच हवी, कॅप वाढत राहील हे गृहीत धरून ती कॉन्ट्रॅक्ट्स केलेली होती आणि साथ येणार हे कुणाला माहीत नव्हतं. पण हे कारण 2020 ला चालतं, 2023 ला नाही.

आणि 2023 वर जरा थांबायला हवं, कारण सगळा घोळ नो-मूव्ह क्लॉजवरून आहे आणि लोक तो फार ढोबळपणे वापरतात. नो-ट्रेड म्हणजे प्लेयरच्या संमतीशिवाय ट्रेड नाही, काहींना त्यात टीम्सची यादी द्यायची असते. नो-मूव्ह त्याहून कडक, वेव्हर्सवर टाकणं (दुसऱ्या टीम्सना फुकट उचलायला मोकळा करणं) नाही, खालच्या लीगला पाठवणं नाही. बायआउट (काही पैसे देऊन कॉन्ट्रॅक्ट मोडणं) मात्र या क्लॉजने थांबत नाही, फक्त साइनिंग बोनस बायआउटमध्ये कमी होत नाही, त्यामुळे जिथे बहुतेक पैसा बोनसचाच आहे तिथे बायआउट करून काही हाती लागत नाही. म्हणजे दोन्ही दारं बंद. पण महत्त्वाचं हे की असलं संरक्षण पहिल्या दिवसापासून देताच येत नाही. प्लेयर 27 चा व्हावा लागतो किंवा लीगमध्ये सात सीझन भरावे लागतात, त्याच्या आधीच्या वर्षांना ते लागू होत नाही. 16 आणि 34 दोघेही 2016-17 पासून खेळतायत, त्यांचे सात सीझन 2023 ला भरले. म्हणजे 16 नंबरच्या सहा वर्षांपैकी पहिली चार वर्षं मॅनेजमेंटचे हात पूर्ण मोकळे होते, 1 जुलै 2023 पासून बांधलेले.

या चार वर्षांत काय झालं बघा. 2020 ला कोलंबसकडून पाच मॅचमध्ये बाहेर. 2021 ला मॉन्ट्रियलविरुद्ध 3-1 ने पुढे असताना हार. 2022 ला टॅम्पाकडून सातव्या मॅचमध्ये. 2023 ला शेवटी टॅम्पाला हरवलं, 2004 नंतरची पहिली सिरीज, आणि पुढच्याच राउंडला फ्लोरिडाने पाच मॅचमध्ये गुंडाळलं. त्यानंतर मे महिन्याच्या मधोमध जीएमशी फाटलं, तो गेला, महिना संपता संपता नवीन आला. त्याच्याकडे ड्राफ्ट धरून एक महिना होता, ऑफिस नवीन, स्टाफ नवीन, आणि सगळ्या लीगला माहीत की 1 जुलैला घड्याळ संपतंय. तो महिना तसाच गेला. क्लॉज लागू झाला.

मला वाटतं खरी चूक ही आहे, 10.9 चा आकडा नाही. तारीख 2019 पासून कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलेली होती, कुणाला अचानक कळली नाही, तरीही सहा आठवड्यांवर असताना वरच्या लोकांनी जीएम बदलला. प्लेयरला ठेवायचंच होतं तर तेव्हाच तसं सांगायचं, आणि नसेल ठेवायचं तर जूनमध्येच हलवायचं. दोन्हीतलं काहीच न करता पुढची दोन वर्षं फॅन्सना त्या पोरावर ओरडायला मोकळं सोडलं. त्याने फक्त स्वतःच्या कागदावर लिहिलेला हक्क वापरला. मार्च 2025 मध्ये त्याला क्लॉज सोडायला विचारल्याच्या आणि त्याने नाही म्हटल्याच्या बातम्या आल्या तेव्हाही शिव्या त्यालाच. 102 पॉइंट्सचा सीझन करून तो गेला, 8 वर्षं, 96 मिलियन, साइन अँड ट्रेड (आधी सही, लगेच ट्रेड), आणि बदल्यात एक सेंटर. 2023 च्या जूनमध्ये काय मिळालं असतं याचा वाद अजून चालूय.

बाकीचं त्यामानाने बरं झालं. 91 नंबर जून 2025 मध्ये 4 वर्षांसाठी साधारण 4.38 वर राहिला, 11 वरून. 88 नंबरला (डिसेंबरच्या डेडलाइनवाला हाच, तेव्हा 29 घालायचा) 8 वर्षं 92 मिलियन मिळाले. कॅप 2025-26 ला 95.5 झाली आणि लीगने 2026-27 साठी 104 जाहीर केली. लीग आणि प्लेयर्सच्या संघटनेतल्या नवीन करारात स्वतःच्या प्लेयरलाही 8 ऐवजी 7 च वर्षं देता येणार.

34 नंबरचं कॉन्ट्रॅक्ट मात्र परत आखूडच आहे, 4 वर्षं, 13.25, पूर्ण नो-मूव्ह, 2028 च्या समरला संपतंय. पुढचं कॉन्ट्रॅक्ट 1 जुलै 2027 पासून करता येईल. त्या दिवशी सही झाली नाही तर मॅनेजमेंटचा प्लॅन काय, हे फॅन्स आत्ताच विचारतायत.