हातातला कागद थरथरतो, तेव्हा किती जणांना दिसतो?

व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत एक आकडेवारी हमखास ऐकवली जाते. समोरच्यावर पडणाऱ्या छापेत शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि चेहऱ्याचा ५५. हे खरं असतं तर तमिळचा गंध नसलेल्याला तमिळ भाषणही ९३ टक्के कळायला हवं होतं! हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७च्या प्रयोगांतले. तिथे सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवून आणि चेहऱ्यांचे फोटो दाखवून, बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड, एवढंच ओळखायला सांगितलं होतं. त्यावरून देहबोलीची शिबिरं उभी राहिली. चेहरा पाहून स्वभाव सांगणाऱ्यांचं दुकान याच्या शेजारचंच.

खरी गोम वेगळीच आहे. आपली छाप कशी पडतेय याचा आपला अंदाजच चुकतो, आणि तो एकाच दिशेने चुकतो.

मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात केलेला प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. दर खेपेला एका विद्यार्थ्याला गायक बॅरी मॅनिलोचं चित्र असलेला टी-शर्ट घालायला दिला. त्या वयातल्या मुलांना तो घालून मिरवायची लाजच वाटावी, असा. मग त्याला इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलं आणि थोड्याच वेळात बाहेर बोलावून विचारलं, शर्टावर कोण आहे हे कितीजण सांगू शकतील? अंदाज आला साधारण निम्म्यांचा. प्रत्यक्षात सांगू शकले जेमतेम पाव.

असं का होतं? अंदाज बांधताना मन सुरुवात करतं स्वतःच्या जाणिवेपासून, कारण तीच सगळ्यात ठळक असते. मग 'समोरच्याला एवढं कुठे दिसणार' म्हणून ते अंदाज खाली आणतं, पण पुरेसा आणत नाही. याला पुरावाही आहे. शर्ट घालून थोडा वेळ थांबवलं, अंगवळणी पडू दिला आणि मग खोलीत पाठवलं, तर अंदाज कमी येतो. शर्ट तोच आणि बघणारेही तसेच. उतरली ती फक्त आतली जाणीव.

भाषण देताना घाबरण्याचंही हेच. छातीतली धडधड आणि तळव्यांचा घाम तिसऱ्या रांगेतून दिसत नाही. दिसतो तो हातातला कागद. घाबरल्यावर शरीरात स्रवणाऱ्या अॅड्रेनालिनमुळे बोटांचा नेहमीचा सूक्ष्म कंप वाढतो, आणि एका कडेला धरलेल्या पातळ कागदाचं मोकळं टोक तो कितीतरी पटींनी मोठा करून दाखवतं. म्हणून मुद्दे जाड पुठ्ठ्याच्या लहान कार्डांवर लिहावेत किंवा कागद टेबलावर ठेवावा. लाळ कमी झाल्याने जीभ टाळूला चिकटते, तेव्हा पाण्याचा घोट घ्यावा. पण 'मी जरा घाबरलोय हं' अशी सुरुवात करू नये. ज्यांच्या लक्षात आलं नव्हतं, तेही मग हातांकडे बघू लागतात.

नुसतं 'घाबरू नकोस' म्हणून भागत नाही. सॅवित्स्की आणि गिलोविच यांच्या २००३च्या प्रयोगात काही वक्त्यांना आधीच समजावून सांगितलं होतं, की तुमची भीती तुम्हाला वाटते तितकी बाहेर दिसत नाही. त्यांची भाषणं श्रोत्यांनाही जास्त चांगली वाटली. ज्यांना कोरडा धीर दिला, त्यांना तसा फायदा झाला नाही.

आपले अंदाज फुगतात, हा नियम मिरवण्यालाही लागू आहे. शर्टाच्या त्या प्रयोगाच्या पुढच्या फेरीत विद्यार्थ्यांना अभिमानाने घालता येतील असे शर्ट दिले, गायक बॉब मार्लीचा वगैरे. लोकांच्या नजरेत भरल्याचे त्यांचे अंदाजही असेच फुगलेले निघाले.